आधी गळ, मग आमिष: पजेट साउंडमधल्या सॅमनचं एक प्रकरण

सप्टेंबरचा पहिला आठवडा, विषम साल आणि सिएटलसमोरचं खारं पाणी. सॅमन गरवणाऱ्याला वर्षभरात इतकी अवघड निवड क्वचितच करावी लागते. पजेट साउंडमध्ये, म्हणजे सिएटलजवळ जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यात, पिंक सॅमन मोठ्या संख्येने येतो तो विषम सालांतच, कारण त्याचं आयुष्य दोन वर्षांचं असतं. ऑगस्टअखेर त्याचा भर ओसरू लागतो, तोवर बाहेरच्या समुद्रातून सॅमनची दुसरी जात, कोहो, आत शिरलेली असते. या दोघांच्या खाली, बहुतेक तळाच्या आसपास, तिसरी जात, चिनूक, असते. काही चिनूक उशिराने नदीकडे निघालेले असतात, काही अजून वयात न आलेले, इथेच वाढणारे. तिघांचं खाणं वेगळं, पाण्यातला थर वेगळा, आमिष कुठल्या वेगाने ओढावं तेही वेगळं. होडीवर मात्र माणसं तीन आणि काठ्याही तीन.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खुलासा आधीच करते. मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळणारा रावस हा सॅमन नव्हे, त्याचं कुळच निराळं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत बर्फावर ठेवलेला नारिंगी सॅमन बहुधा नॉर्वेच्या पिंजऱ्यांत पाळलेला अटलांटिक सॅमन असतो. इथे विषय आहे तो पॅसिफिक सॅमनचा, जो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, पुन्हा त्याच नदीत जाऊन अंडी घालतो आणि मरतो. नदीत शिरला की त्याचं खाणं जवळजवळ थांबतं. तिथे तो आमिषाला तोंड घालतो ते चिडून किंवा जुन्या सवयीने. खाऱ्या पाण्यात तो खरोखर भुकेला असतो. म्हणून नदीवरची आमिषांची पेटी उचलून समुद्रावर न्यायची नसते.

प्रकरण असं. माझ्या मैत्रिणीचे वडील रेवदंड्याहून सहा महिन्यांसाठी इकडे आले होते. कुंडलिकेच्या मुखाशी त्यांनी उभं आयुष्य गरवण्यात घालवलेलं. शिंगाळा, तांबोशी, नशीब असलं तर जिताडा. मी त्यांना काका म्हणते. त्यांच्यासाठी पाहुण्यांना मिळतो तो थोड्या दिवसांचा परवाना काढला (वॉशिंग्टनमध्ये तो एक ते तीन दिवसांसाठी मिळतो) आणि सिएटलच्या शिलशोल बंदरातून माझ्या लहान होडीने निघायचं ठरलं. मैत्रिणीच्या नवऱ्याने शेजारच्या गराज सेलमधून आमिषांची एक भरलेली पेटी आणली होती. आदल्या संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर उपडी केली आणि तो म्हणाला, “यातलं काय न्यायचं ते तूच सांग.”

त्या आठवड्याचा नियम आमच्या विभागात, म्हणजे मरीन एरिया १० मध्ये, असा होता: कोहो आणि पिंक ठेवता येतील, चिनूक सोडायचा. हे नियम दरवर्षी बदलतात, कधी आठवड्याच्या मध्येही बदलतात, आणि शेजारच्या विभागात वेगळे असू शकतात. निघण्याआधी राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचं पान पाहिल्याशिवाय कोणीही होडी सोडू नये.

पेटी बघून पहिला प्रश्न बहुतेकांना सुचतो तो रंगाचा. हिरवा न्यावा की गुलाबी? चमकता की पांढरा? माझं ठाम मत आहे की हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न गळाचा, आणि गळ ठरतो तो आपल्याला कुठला मासा हवाय यावरून नव्हे, तर कुठला मासा सोडायचाय यावरून. हे काकांना पटवायला मला बराच वेळ लागला. ते बरोबरच होतं, कारण त्यांच्या खाडीत मासा सोडायची वेळच कधी येत नाही.

“सोडायचाच असेल तर गरवायचं कशाला, पोरी?” त्यांनी विचारलं.

सोडलेला मासाही मोजला जातो

या प्रश्नाचं उत्तर गळाच्या आकारापेक्षा मोठं आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

पजेट साउंडचा नैसर्गिक चिनूक १९९९ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली धोक्यातला मासा म्हणून नोंदलेला आहे. याच पाण्यात फिरणाऱ्या ओर्का देवमाशांच्या कळपांचं मुख्य अन्न चिनूक, आणि तेही २००५ पासून त्याच कायद्याखाली. दुसऱ्या बाजूला, उबवणी केंद्रांत वाढवून सोडलेले चिनूक माणसाने धरावेत म्हणूनच सोडलेले असतात. दोन्ही एकाच पाण्यात, एकाच थव्यात. त्यांच्यातला फरक कळावा म्हणून केंद्रातल्या पिल्लांचा एक पर लहानपणीच कापतात. पाठीवर, शेपटीच्या थोडा अलीकडे असलेला छोटा मांसल पर. तो पर नसेल तर मासा केंद्रातला. चिनूकचा हंगाम चालू असतो तेव्हाही इथे बहुधा असाच मासा ठेवता येतो, आणि तोही २२ इंचांहून लहान असला तर नाही.

मासे कोणाचे, हा प्रश्नही इथे जुना आहे. १८५४-५५ च्या तहांत इथल्या आदिवासी राष्ट्रांनी जमीन दिली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे तो हक्क कागदावरच राहिला. १९६० च्या दशकात निस्क्वाली राष्ट्राच्या बिली फ्रँक यांच्यासारखी माणसं स्वतःच्याच नदीत जाळं टाकल्याबद्दल अटक होत राहिली. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरता येण्याजोग्या माशांतला अर्धा वाटा तहातल्या राष्ट्रांचा, आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः कायम ठेवला. १९८० च्या दशकापासून राज्य आणि ही राष्ट्रं दरवर्षी एकत्र बसून हंगाम ठरवतात. आम्ही त्या सकाळी ज्या किनाऱ्याच्या दिशेने जाणार होतो तो सुक्वामिश लोकांचा किनारा.

या हिशेबात फक्त ठेवलेले मासे येत नाहीत. गळाला लागून सोडलेले मासेही अंदाजाने मोजले जातात, कारण सोडलेल्यांतले काही मरतात. लहान चिनूक किंवा पर न कापलेले चिनूक फार लागू लागले तर हंगाम ठरल्यापेक्षा आधी बंद होतो, आणि तसं इथे झालेलं आहे. म्हणजे माझ्या दोरीला कुठला गळ आहे यावर सगळ्यांचा हंगाम थोडा तरी अवलंबून असतो.

काका ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे गरी अशी हवी, की धरेल पण इजा करणार नाही.” हे वाक्य मी इतक्या नेमकेपणाने स्वतः कधी मांडलं नव्हतं.

गळ

पेटीत सगळ्यात देखणी होती ती लाकडी आणि प्लास्टिकची मासोळीच्या आकाराची आमिषं, प्रत्येकाच्या पोटाखाली तीन तोंडांचे गळ. ती सगळी बाजूला काढली. पजेट साउंडच्या खाऱ्या पाण्यात सॅमनसाठी एकाच तोंडाचा आणि उलटा काटा नसलेला गळ लागतो, हा कायदाच आहे. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. तीन तोंडांचा गळ एका टोकाने जबड्यात रुततो आणि उरलेल्या दोन टोकांनी डोळा, कल्ले, जाळं, माणसाचं बोट, जे मिळेल ते पकडतो. कल्ल्यांतून रक्त येऊ लागलं की तो मासा सोडून काही उपयोग नाही.

मग उलट्या काट्यांचा प्रश्न. काटा नसलेले गळ विकत मिळतात, पण पेटीतले चांगले गळ टाकायची गरज नव्हती. पकडीने काटा दाबून सपाट केला तरी कायद्याला चालतो. पकड टोकाच्या दिशेनेच धरायची, आडवी नाही. आडवी दाबली तर टोकच तुटतं, विशेषतः स्वस्तातल्या कडक पोलादाचं. दाबून झाल्यावर गळ जुन्या सुती मोज्यात खुपसून मागे ओढायचा. धागा अडकला तर काटा अजून शिल्लक आहे. मैत्रिणीच्या नवऱ्याला हे काम दिलं आणि त्याने मन लावून केलं.

धार अंगठ्याच्या नखावर बघायची. टोक नखावर हलकेच टेकवून सरकवलं आणि घसरलं, तर गळ बोथट. जागीच रुतून बसलं तर ठीक. काटा नसलेला गळ धारदार असला की काटेरी गळापेक्षा सोपा रुततो, कारण आत शिरायला अडसरच नाही. लोक काटा नसल्याबद्दल कुरकुरतात, पण बऱ्याचदा सुटलेल्या माशाचं कारण बोथट टोक असतं. खाऱ्या पाण्यात गळ एका दिवसात गंजायला लागतो, आणि पेटीतले अर्धे गळ त्याच कारणाने बाद झाले. स्टेनलेसचे काही होते, तेही मी घेतले नाहीत. दोरी तुटून गळ माशाच्या तोंडात राहिला तर साधं पोलाद गंजून लवकर झडतं, स्टेनलेस फार काळ टिकून राहतं.

आकारांची गंमत अशी की एकपासून खाली जाताना आकडा वाढतो तसा गळ लहान होत जातो, आणि एकच्या वर १/०, २/०, ३/० असे आकडे वाढतात तसा गळ मोठा होतो. पिंकच्या लहान तोंडासाठी १/० किंवा २/०, कोहोच्या साडेतीन इंची स्पूनला (म्हणजे धातूच्या पत्र्याच्या आमिषाला) ३/०, आणि चिनूकसाठी लोक ४/०, ५/० लावतात. आम्ही चिनूकच्या मागे नव्हतो, तेव्हा मोठे गळ घेतलेच नाहीत. मोठा गळ लहान चिनूकच्या तोंडात गेला की त्याची कमान टाळूतून वर डोळ्यापर्यंत पोहोचते.

सगळ्यात जास्त वेळ मी दिला तो हूचीवर. हूची म्हणजे झालरीसारख्या पायांचं प्लास्टिकचं छोटं माकूल. पेटीतल्या प्रत्येक हूचीत एकामागे एक असे दोन गळ बांधलेले होते. पुढचा गळ झालरीत दडतो, मागचा बाहेर लोंबतो. काही जण हे जोडगळ मोठ्या विश्वासाने वापरतात, आणि हेरिंग नावाच्या लहान माशाच्या आख्ख्या आमिषाला ते लागतातच, नाहीतर आमिष नीट फिरत नाही. हूचीला मात्र मला त्यांची गरज वाटत नाही. एक गळ जबड्यात बसतो आणि दुसरा मासा झुंजताना कल्ल्याखाली किंवा पोटाला लागतो. मी मागचे गळ कापून टाकले आणि राहिलेला एकच गळ योग्य जागी आणला. हूचीच्या डोक्यात, गळाच्या वर, दोरीत चार-पाच मणी ओवायचे. जितके मणी जास्त तितका गळ खाली सरकतो. गळाची कमान झालरीच्या शेवटाशी आली पाहिजे. त्याहून वर राहिली तर मासा नुसती झालर चावून जातो.

स्पून, फ्लॅशर आणि त्यांच्यामधली दोरी

स्पून म्हणजे वाकवलेला धातूचा पत्रा. पाण्यात ओढला की तो स्वतःच डुलतो. हूची स्वतः काहीच करत नाही, तिला कोणीतरी नाचवावं लागतं, आणि ते काम फ्लॅशर करतो. फ्लॅशर म्हणजे ११ इंच लांब, दोन्ही टोकांना वाकवलेली चमकदार पट्टी. पुरेशा वेगाने ओढली की ती पूर्ण गोल गिरक्या घेते. तिच्या लखलखाटाने दुरून मासा येतो, आणि तिच्या प्रत्येक गिरकीचा हिसका मागच्या आमिषाला बसतो.

इथून पुढचं सगळं त्या हिसक्यावर अवलंबून आहे. फ्लॅशर आणि आमिष यांच्यामधली दोरी, जिला इथे लीडर म्हणतात, ती जितकी आखूड आणि ताठ तितका हिसका जोरात. हूचीसाठी मी ४० पौंडांचा ताण सोसणारी ताठ दोरी घेते, लांबी फ्लॅशरच्या तिपटीपासून चौपटीपर्यंत, म्हणजे ३३ ते ४४ इंच. कोहो चपळ आहे, त्याला चटकन पळणारं काहीतरी आवडतं, म्हणून आम्ही ३३ च्या बाजूला राहिलो. स्पूनची स्वतःची चाल असते, तेव्हा तिला साडेचार फूट दिले, नाहीतर फ्लॅशर तिची चाल मोडतो. पिंकसाठी पांढरा डॉजर घेतला. डॉजर पूर्ण गिरकी घेत नाही, नुसता डावी-उजवीकडे हेलकावतो, आणि त्यामागे जेमतेम दोन फुटांवर इवलीशी गुलाबी हूची. पिंकचं बरंचसं पोट समुद्रातल्या सूक्ष्म जीवांवर आणि क्रिलवर भरतं. क्रिल म्हणजे आपल्या जवळ्याचा लांबचा भाईबंद म्हणा. त्याला चार इंची हेरिंगची नक्कल दाखवण्यात अर्थ नाही.

स्पूनमध्ये एक सुधारणा केली, आणि या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट कदाचित हीच. स्पूनच्या कडीला गळ थेट अडकवलेला असला तर पत्रा आणि गळ मिळून एक लांब तरफ होते. कोहो उड्या मारतो, अंगाला पीळ देतो, लोळतो, आणि त्या तरफेने बिनकाट्याचा गळ सहज उचकटतो. कडी आणि गळ यांच्यामध्ये एक लहान भोवरी, म्हणजे स्विव्हल, घातली की गळ वेगळा फिरतो आणि पत्रा वेगळा. लांब दांडीचा, कडीत घालून मिटता येणारा एकेरी गळ यासाठी मिळतो. दुकानात त्याला सिवॉश म्हणतात. गळ फार जड घेऊ नये, स्पूनचं डुलणं मरतं. होडीच्या कडेला पाण्यात ओढून बघायचं. डुलतेय की नुसती सरळ येतेय, ते लगेच दिसतं.

आणि मग रंग. पाण्यात उतरताना लाल रंग सर्वांत आधी विझतो. काही मीटर खाली गेलं की लाल वस्तू काळपट दिसते. पजेट साउंडचं पाणी उन्हाळ्यात सूक्ष्म वनस्पतींनी हिरवट असतं, तेव्हा हिरवा आणि पांढरा जास्त खोल टिकतात. शंभर फुटांखाली अंधारात चमकणारा लेप उपयोगी पडतो. पिंक वरच्या थरात असल्यामुळे त्याच्या हूचीचा गुलाबी त्याला गुलाबीच दिसत असावा. यापलीकडे रंगावर वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. कोहोसाठी एक हिरवी-पांढरी स्पून, एक हिरवी हूची. झालं.

पाण्यावर

अंधार असतानाच निघालो. समोर जेफरसन हेड, म्हणजे किटसॅपच्या बाजूची टेकडी. या दोन किनाऱ्यांच्या मध्ये पजेट साउंड सगळ्यात खोल आहे, ९३० फूट. इतक्या खोल पाण्यात कोहो कुठे शोधायचा? वरच्या साठ-सत्तर फुटांत, दोन प्रवाह एकमेकांना घासतात तिथे. भरती-ओहोटीच्या त्या शिवेवर फेस, शेवाळ, काटक्या जमतात आणि त्यांच्याखाली लहान मासे. काकांनी ती रेघ माझ्याआधी पाहिली. त्यांच्या खाडीच्या तोंडाशी अशीच रेघ पडते, आणि इथलंही पाणी उधाणाला दहा-बारा फूट चढतं-उतरतं, त्याचं त्यांना फार अप्रूप वाटलं.

खोलीचा निर्णय गळाइतकाच महत्त्वाचा होता, कारण चिनूक टाळायचा होता. किनाऱ्याच्या उतारावर तळ धरून ओढलं की चिनूक लागतो. आम्ही मुद्दाम मधल्या खोल पाण्यात राहिलो, जिथून मालवाहू जहाजं जातात. त्यांच्यासाठी एकाने सतत पहारा द्यायचा. काठ्या डाउनरिगरवर लावल्या. दहा-बारा पौंडांचा शिशाचा गोळा तारेने खाली सोडतात, आपली दोरी त्या तारेवरच्या चिमट्यात अडकवतात, आणि मासा ओढला की चिमटा सुटतो. एक स्पून ४५ फुटांवर, एक हिरवी हूची ६० वर, वेग तीन नॉटच्या आसपास. पिंकची काठी अजून पेटीतच, कारण पिंकला निम्मा वेग लागतो आणि त्या वेगात फ्लॅशर गिरकी घेत नाही. दोन्ही एकदम जमवायला गेलं की दोन्ही बिघडतात.

उजाडताना पहिला कोहो स्पूनला लागला. काकांच्या हातात काठी होती. रीळ त्यांना नवी, पण दोरी सैल पडू द्यायची नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही. हाताच्या दोरीने गरवणाऱ्याचं सगळं कसबच त्यात असतं. मासा होडीकडे धावत आला तेव्हा बहुतेक नवखे गोंधळतात, दोरी झोळ खाते आणि बिनकाट्याचा गळ गळून पडतो. ते मात्र वाकून काठी मागे नेत राहिले. हिरड्या पांढऱ्या आणि ठिपके शेपटीच्या फक्त वरच्या अर्ध्यावर, म्हणजे कोहोच. मग जाळं पुढे केलं.

आणखी काही कोहो मिळाले, एक-दोन सुटले. हूचीला लागलेल्यांत एकही गळ जबड्याच्या बाहेर नव्हता. मी प्रत्येक वेळी तेवढंच बघत होते.

ऊन चढलं तसे मासे खाली गेले, आम्हीही खाली गेलो, ९० आणि मग ११० फुटांवर. तिथे स्पूनवर आला तो चिनूक. हिरड्या काळ्या, ठिपके शेपटीच्या दोन्ही अर्ध्यांवर, पाठीवरचा तो छोटा पर शाबूत आणि लांबी कमी. याला होडीत घ्यायचंच नाही. सोडायचा चिनूक उचलून आत आणणंही इथे बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. गळ जबड्याच्या कोपऱ्यात होता. लांब दांड्याच्या आकड्याने दोरी धरली, गळाच्या कमानीत अडकवली, दांडा उलटा केला आणि मासा पाण्यातच सुटला. काही सेकंदांचं काम. काटा असता तर चिमटा, हात, होडीची कड, सगळं लागलं असतं.

मी लगेच दोऱ्या वर घेतल्या. मैत्रिणीचा नवरा म्हणाला, एकच तर होता. पण त्या थरात एक म्हणजे आणखी असणार. जो मासा ठेवायचा नाही तो वारंवार लागत असेल तर चांगला गळ हा त्याच्यावरचा उपाय नाही, जागा सोडणं हा आहे.

काकांचं आमिष

काकांची एक तक्रार आदल्या रात्रीपासून होती. प्लास्टिकला वास नाही, मग मासा का येईल? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या नदीत जन्मला ती सॅमन बऱ्याच अंशी वासानेच ओळखतो. त्याचं नाक असामान्य आहे. आणि इथले जुने लोक आजही हेरिंगच वापरतात. डोकं तिरकं कापून त्यात दोन गळ असे ओवतात की ओढल्यावर मासा गरगर फिरतो. कोहोसाठी घट्ट आणि जलद गिरकी, चिनूकसाठी सैल आणि संथ लोळ, आणि हे सगळं त्या कापाच्या कोनावर ठरतं. हाताला हे वळण यायला काळ लागतो, आणि ज्यांना येतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

पण त्या दिवशी मी नको म्हटलं. शिसं लावून हेरिंग प्रवाहात नुसती सोडून ठेवली, तर मासा ती सावकाश तोंडात घेतो आणि गिळतो. गळ घशात किंवा कल्ल्यांत जातो. ओढत्या आमिषावर तो झडप घालतो आणि गळ बहुतेक ओठांच्या आसपास बसतो. चिनूक सोडायचा असलेल्या आठवड्यात हा फरक फार मोठा आहे.

मधला मार्ग काकांनीच काढला. घरी मीठ लावून ठेवलेली हेरिंग होती. रात्रभर खड्या मिठात राहिली की तिचं मांस घट्ट होतं आणि गळावरून सुटत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी तिच्या कुशीतून बोटाएवढी, टोकाला निमुळती अशी पट्टी कापली आणि हूचीच्या गळावर ओवली. जाड कापली असती तर हूचीचं नाचणं थांबलं असतं. ती पाण्यात ओढून बघितली, झालर मोकळी उघड-मीट होत होती. इथले लोकही अशी पट्टी लावतात. ती पट्टी लावल्यावर हूचीला जास्त मासे आले का, हे एका सकाळीवरून सांगणं खरं होणार नाही. गळ कुठे लागला ते मात्र डोळ्यांनी दिसत होतं, आणि पट्टीमुळे ते बदललं नाही.

शेवटचा तास पिंकला दिला. किनाऱ्याच्या जवळ, दीड-दोन नॉट, डॉजर आणि छोटी गुलाबी हूची ३० फुटांवर. पिंकचं तोंड मऊ, तेव्हा ओढून घ्यायची घाई नको, काठी मऊ हवी. हंगाम सरत आल्याने नर कुबड धरू लागले होते, आणि असा मासा खायला बेताचाच. एक चंदेरी मादी मिळाली तेवढी ठेवली. शेपटीवर मोठे लांबट ठिपके, खवले अगदी बारीक. कल्ले लगेच कापून रक्त जाऊ दिलं आणि बर्फात घातली. पिंकचं मांस फार लवकर मऊ पडतं.

बंदरात परत आल्यावर कोहो साफ करताना पोटं उघडून पाहिली. कोणीही टाळू नये असं हे काम आहे, कारण पुढच्या वेळची स्पून तिथेच ठरते. बहुतेकांत तीन-साडेतीन इंची हेरिंग होत्या, म्हणजे आमच्या स्पूनचा आकार बरोबर होता. एका पोटात मात्र बारीक, लांबट, बोटाहून अरुंद अशा सँड लान्स मासोळ्या कोंबलेल्या होत्या. त्यासाठी अरुंद स्पून लागते, त्याच गळाची आणि त्याच भोवरीची. तशा दोन पेटीत होत्या, तीन तोंडांचे गळ लावलेल्या. ते काढून एकेरी लावायला काकांनी त्याच संध्याकाळी पकड हातात घेतली.